मदत हवी आहे: क्यूबिटटॉरेंटमध्ये डाउनलोड जोरात पण सीडिंग जवळपास शून्य

लिनक्स मिंटवर क्यूबिटटॉरेंट (टॉरेंट चालवायचं सॉफ्टवेअर) वापरतोय, डेबियन लिनक्सच्या आयएसओचे (इन्स्टॉल करायच्या फाइलचे) अधिकृत टॉरेंट सीड करायचेत, म्हणजे इतरांना अपलोड करायचेत, आपण घेतो तेवढं तरी परत द्यावं असं मनापासून वाटतं. डाउनलोड मस्त होतं पण बाहेरून कुणी पीअर (टॉरेंटवरचा दुसरा संगणक) कनेक्टच होत नाही, खालच्या पट्टीत फायरवॉलवालं चिन्ह कायम.

यूपीएनपी (राउटरमध्ये पोर्ट आपोआप उघडायची सोय) चालू केलं, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केला (टीसीपी, यूडीपी दोन्ही), यूएफडब्ल्यूमध्येही (लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये) उघडलाय. मग राउटरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघितला तर १००.६४ ने सुरू होणारा, म्हणजे सीजीनॅट (इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटते), तिथे आयपीव्ही४ वर माझ्या फॉरवर्डिंगचा काही उपयोग नाही. स्टॅटिक आयपीला दर महिन्याला जादा पैसे लागतात ते नकोत, विकतचं व्हीपीएनही नको.

आयपीव्ही६ मात्र मिळतं. राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये पोर्ट उघडायचा नियम टाकता येतो, पण त्यात लॅपटॉपचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो आणि तो सारखा बदलतो. प्रायव्हसी एक्स्टेंशन (पत्त्याचा शेवटचा भाग अधूनमधून बदलणारी सोय) बंद करून शेवटचा भाग स्थिर ठेवता येईल, पण राउटर रीस्टार्ट झाला की प्रीफिक्सच (पत्त्याचा इंटरनेट कंपनीकडून मिळणारा सुरुवातीचा भाग) नवा मिळतो आणि नियम फुकट जातो.

प्रीफिक्स बदलला तरी नियम चालू राहील असं कुणी घरच्या राउटरवर जमवलंय का, आणि कसं?