जुन्या कॉम्प्युटरवर गेम सुरू होत नाहीये, शनिवारच्या आत मदत हवी आहे

शेवंती | सोमवार, रात्री ११:१०

घरचा जुना कॉम्प्युटर काल माळ्यावरून खाली काढला. सुरू होतोय, विंडोज येतंय, माउस हलतोय, पण सशाचा गेम काही केल्या चालू होत नाही. डबल क्लिक केलं की क्षणभर काळा पडदा दिसतो आणि सगळं बंद. याच कॉम्प्युटरवर हाच गेम आम्ही शाळेत असताना रोज खेळायचो, तेव्हा "त्याला झेपत नसेल" असं कृपया सांगू नका. दादा शनिवारी पहाटे मस्कतहून येतोय, नऊ वर्षांनी. त्याच्या आत चालू करायचाय. लवकर सांगा.

उचापती | सोमवार, रात्री ११:२४

रॅम काढा, पितळी पायांवरून शाळेतलं साधं खोडरबर फिरवा, कोरड्या कापडाने पुसा आणि परत बसवा. माळ्यावरच्या मशीनला दहातल्या आठ वेळा हेच औषध लागतं. मी वीस वर्षं हेच करतोय.

चौथी मात्रा | सोमवार, रात्री ११:३१

विंडोज येतंय म्हणजे रॅम ठीक आहे. ताई, कोणता ससा? कोणतं विंडोज? प्रोसेसर कुठला? आणि बंद होण्याआधी पडद्यावर काही अक्षरं उमटतात का? एवढं कळल्याशिवाय कोणीही नुसते अंदाजच मारणार.

डोंगरवाट | सोमवार, रात्री ११:४०

कशाला त्या डब्याच्या मागे लागताय? लॅपटॉपवर डॉसबॉक्स (जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) टाका, गेमचा फोल्डर त्यात माउंट करा म्हणजे जोडा, सायकल्स, म्हणजे वेग, वीस-तीस हजारांवर ठेवा. दहा मिनिटांचं काम. आवाजासकट चालेल.

शेवंती | मंगळवार, सकाळी ७:०५

हिरवा ससा, डोक्याला लाल पट्टी, हातात निळी बंदूक. जॅझ जॅकरॅबिट. विंडोज ९८ आहे. अक्षरं वाचायला वेळच मिळत नाही.

डोंगरवाट, लॅपटॉपवर नकोय. आम्ही दोघं एकाच कीबोर्डवर खेळायचो. बाण माझ्याकडे, उडी आणि गोळी दादाकडे. त्या कीबोर्डचं उजवीकडचं बाणाचं बटण माझ्या बोटानेच गुळगुळीत झालंय, वरचं चिन्ह केव्हाच पुसलं गेलं. मला तो गेम त्याच कॉम्प्युटरवर हवाय.

ओंजळभर | मंगळवार, सकाळी ९:१२

जॅझ! १९९४ सालचा, एपिक मेगागेम्सचा. पहिला ग्रह डायमंडस, मग ट्यूबलेक्ट्रिक, मग मेडिव्हो. आमच्या शाळेत कॉम्प्युटर रूमच्या बाहेर चपला काढून आत जावं लागायचं आणि सरांची पाठ वळली की प्रिन्स ऑफ पर्शियाचा गेम सुरू. बारा लेव्हल्स साठ मिनिटांत संपवायच्या. प्रिन्सपुढे स्पेस देऊन मेगाहिट टाइप केलं की चीट चालू व्हायची. आठवतंय का कोणाला?

उचापती | मंगळवार, सकाळी ९:३०

त्यापेक्षा डेंजरस डेव्ह हा गेमच भारी होता. चीट वापरून प्रिन्स संपवला तर तो संपवला असं म्हणत नाहीत.

ओंजळभर | मंगळवार, सकाळी ९:३३

आम्हाला आठवड्यातून एकच तास मिळायचा हो, त्यात दोन पोरं एका मशीनवर. चीट नसती तर तिसऱ्या लेव्हलच्या पुढचं कधी दिसलंच नसतं.

चौथी मात्रा | मंगळवार, सकाळी १०:०२

ताई, आयकॉनवरून चालवू नका. स्टार्ट, शटडाऊन, मग रीस्टार्ट इन एमएस-डॉस मोड, म्हणजे विंडोजशिवाय नुसता अक्षरांचा काळा पडदा येईल. तिथे गेमच्या फोल्डरमध्ये जाऊन नाव टाइप करून एंटर मारा. तिथे खिडकी बंद होत नाही, त्यामुळे शेवटची ओळ पडद्यावर राहते. ती जशीच्या तशी इथे लिहा, आकड्यांसकट.

संगमेश्वरी | मंगळवार, सकाळी १०:४०

ओळ काहीही येऊ दे, माझा अंदाज साउंड कार्डावर आहे. डॉसच्या गेमला साउंड ब्लास्टर २२० या पत्त्यावर, इंटरप्ट ५, डीएमए १ (हे कार्डाच्या सेटिंगचे आकडे) असा लागतो. तिथे दुसरंच काही सापडलं की तो गप्प बंद पडतो. साउंड बंद करून चालवून बघा.

शेवंती | मंगळवार, रात्री ९:५०

ऑफिसातून आल्याबरोबर केलं. ओळ आली: रनटाइम एरर २००. पुढे चार-चार अक्षर-आकड्यांचे दोन गट. साउंड बंद करून पाहिलं, तरी तेच. याचा अर्थ काय?

चौथी मात्रा | मंगळवार, रात्री १०:१५

सापडलं! तुमचा कॉम्प्युटर या गेमसाठी जास्त वेगवान आहे.

हा गेम टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला आहे. त्या भाषेतल्या प्रोग्रॅमला "इतके मिलिसेकंद थांब" असं सांगायची सोय असते. त्यासाठी तो सुरुवातीलाच प्रोसेसरचा वेग मोजतो. घड्याळाची टिकटिक सेकंदाला साधारण १८.२ वेळा होते, म्हणजे एक टिक सुमारे ५५ मिलिसेकंदांची. एका टिकेत आपले किती फेरे होतात ते मोजायचं आणि ५५ ने भागायचं. उत्तर ठेवायला जागा १६ बिटांची, म्हणजे ६५,५३५ पर्यंतच. पहिल्या पेंटियमवर उत्तर त्यात मावायचं. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे मावेनासं झालं, आणि भागाकाराचं उत्तर मावलं नाही की प्रोसेसर तीच आरोळी ठोकतो जी शून्याने भागल्यावर ठोकतो. तो हा २०० नंबरचा एरर.

आता खरं सांगा, हा तोच कॉम्प्युटर आहे? तेव्हा चालायचा आणि आता चालत नाही, असं या एररच्या बाबतीत होत नाही.

डोंगरवाट | मंगळवार, रात्री १०:२१

म्हणूनच डॉसबॉक्स म्हणत होतो. तिथे वेग आपल्या हातात असतो.

चौथी मात्रा | मंगळवार, रात्री १०:२४

त्यांनी नको म्हणून कारणासकट सांगितलंय. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर देऊ या ना.

शेवंती | मंगळवार, रात्री ११:३८

तोच आहे असंच मी धरून चालले होते. कॅबिनेट तेच, मॉनिटर तोच, हार्ड डिस्क तीच. तुमचं वाचून आईला विचारलं, तर ती म्हणाली की मी बारावीत असताना बाबांनी आतलं काहीतरी बदलून घेतलं होतं. कॅबिनेट उघडलं. आतल्या बाजूला बिलाची पिवळी कॉपी चिकटपट्टीने लावलेली आहे: पेंटियम थ्री ८६६, मदरबोर्ड, १२८ एमबी रॅम, २००१. खाली बाबांच्या अक्षरात "जुनी डिस्क ठेवली, पोरांचे गेम आहेत".

तेव्हा दादा हॉस्टेलला होता. बदलल्यानंतर हा गेम कोणी उघडलाच नसणार.

ओंजळभर | मंगळवार, रात्री ११:५१

बिलाचा फोटो काढून ठेवा. तसली शाई फार टिकत नाही.

संगमेश्वरी | बुधवार, सकाळी ८:१५

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यावर जा. सुरू होताना डिलीट दाबत राहा. तिथे एक्स्टर्नल कॅश (कॅश म्हणजे प्रोसेसरची वेगवान मेमरी) बंद करा, वेग उतरेल.

चौथी मात्रा | बुधवार, सकाळी ८:३०

एक्स्टर्नल बंद करून उपयोग नाही. तो मोजणीचा फेरा इतका लहान आहे की इंटर्नल कॅशमध्येच फिरत राहतो. इंटर्नल बंद करावी लागेल, आणि ती केली की सगळं मशीनच रांगायला लागेल.

संगमेश्वरी | बुधवार, सकाळी ८:३४

मी स्वतः करून बघितलंय, चाललं होतं.

चौथी मात्रा | बुधवार, सकाळी ८:३९

कोणत्या प्रोसेसरवर? पहिल्या पेंटियमवर केलं असेल तर गोष्ट वेगळी. वेग मोजायची ही अडचण काही एकट्या या गेमची नाही. विंडोज ९५ सुद्धा एएमडीच्या ३५० मेगाहर्ट्झच्या के६-२ प्रोसेसरवर असल्याच मोजणीपायी सुरू होताना अडायचं, त्यासाठी वेगळी दुरुस्ती काढावी लागली होती.

शेवंती | बुधवार, रात्री १०:२०

दोन्ही करून पाहिलं. एक्स्टर्नल बंद: तोच एरर. इंटर्नल बंद: गेम सुरू झाला!! पण विंडोज यायला चहा करून पिऊन होईल इतका वेळ, आणि ससा पाण्यातून चालल्यासारखा चालतोय. असा नाही खेळता येणार. दुसरा काही मार्ग? दोनच दिवस राहिलेत.

उचापती | बुधवार, रात्री १०:३२

वेग हवा तेवढाच उतरवायला मोस्लो म्हणून प्रोग्रॅम आहे. त्याच्यामागे टक्का आणि गेमचं नाव टाइप करायचं. आणि कॅबिनेट उघडलंच आहे तर रॅमही पुसून घ्या.

चौथी मात्रा | बुधवार, रात्री १०:४५

कॅश परत चालू करा. मोस्लो चाललं तर चाललं, पण वेग पाडण्यापेक्षा ती एक चूक झाकलेली बरी. दोन रस्ते आहेत. टीपीपॅचसारखा प्रोग्रॅम गेमची फाइलच दुरुस्त करतो, पण फाइल दाबून बंद केलेली असेल तर त्याला चुकीची जागा सापडत नाही. दुसरा रस्ता म्हणजे मेमरीत बसणारा छोटा प्रोग्रॅम. तो गेमच्या आधी एकदा चालवायचा. भागाकाराची आरोळी आली की तो ती मधेच पकडतो, मावेल असं उत्तर ठेवतो आणि गेमला पुढे जाऊ देतो. फाइलला हात लागत नाही. दोन्ही मोफत मिळतात, दोन्ही काही केबींचे आहेत. दोन्ही उतरवून ठेवा आणि आधी गेमच्या फोल्डरची कॉपी करा.

शेवंती | गुरुवार, सकाळी ७:४०

उतरवले. पेनड्राइव्ह लावला तर विंडोज ड्रायव्हर मागतंय. कुठून देऊ?

डोंगरवाट | गुरुवार, सकाळी ८:०२

विंडोज ९८ ला पेनड्राइव्ह आपणहून ओळखता येत नाही. ड्रायव्हर मिळतो, पण तो त्या मशीनवर न्यायचा कसा, हाच पेच. सरळ सीडी राइट करून घ्या. कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत अजून राइटर असतो, लग्नाच्या सीड्या करतात ते. सीडीवरून आधी विंडोजमध्ये सी ड्राइव्हवर कॉपी करा, नुसत्या डॉस मोडमध्ये सीडी दिसायची नाही.

चौथी मात्रा | गुरुवार, सकाळी ८:१०

+१, हे नेमकं सांगितलंत.

चिंचपाणी | गुरुवार, दुपारी १:१५

ताई, माझीही अडचण आहे. वडिलांच्या जुन्या कॉम्प्युटरवर शिवाजी फाँटमध्ये टाइप केलेली शंभरेक पत्रं आहेत. नव्या लॅपटॉपवर उघडली की सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. काय करू?

ओंजळभर | गुरुवार, दुपारी १:४०

तो फाँट लॅपटॉपवर टाका, वाचता येतील. कायमचं हवं असेल तर युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतील. जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, तिथेच चुका राहतात. वेगळा धागा काढा, मी मदत करेन.

शेवंती | गुरुवार, रात्री ११:०५

चालला! स्टुडिओवाल्या काकांनी सीडीचे पैसेही घेतले नाहीत. मोस्लोने एरर गेला नाही. टीपीपॅचला फाइलमध्ये काही सापडलं नाही. मेमरीत बसणारा प्रोग्रॅम आधी चालवला आणि ससा पूर्वीसारखा पळाला. मी एकटीच बसून डायमंडसचा पहिला भाग संपवला. उडीसाठी डावा हात सारखा चुकत होता, ती बटणं कधी माझी नव्हतीच.

पण आवाज नाही. विंडोजमध्ये गाणी वाजतात, गेममध्ये काही नाही.

संगमेश्वरी | शुक्रवार, सकाळी ६:५५

आता माझं ऐका. २००१ चा बोर्ड म्हणजे आवाज बोर्डातच आहे, आणि तसल्या आवाजाला डॉसचे गेम सहसा ओळखत नाहीत. जुनं साउंड कार्ड घरात आहे का? बोर्डावर पांढऱ्या पट्ट्यांच्या शेजारी एखादी काळी, जास्त लांब पट्टी आहे का बघा. ती आयएसए, म्हणजे जुनी कार्डं बसवायची जागा.

शेवंती | शुक्रवार, सकाळी ८:२०

पट्टी आहे, अगदी कडेला एकच. कार्डही सापडलं, माळ्यावरच्या त्याच खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. मोठ्या चिपवर ईएसएस १८६८ लिहिलंय.

संगमेश्वरी | शुक्रवार, सकाळी ८:३१

वा! हे साउंड ब्लास्टरसारखं वागतं. मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावा, मग कार्ड दोन्ही टोकांना सारखा जोर देऊन बसवा. बायोसमधून बोर्डावरचा आवाज बंद करा. विंडोज सुरू झालं की कार्ड ओळखेल, कदाचित विंडोजची सीडी मागेल. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये २२०, ५, १ आहे का ते बघा. गेम डॉस मोडमध्ये नको, विंडोजच्याच डॉस खिडकीत चालवा, म्हणजे कार्ड आधीच जागं असेल. आणि चौथी मात्रांचा तो छोटा प्रोग्रॅम त्याच खिडकीत आधी.

उचापती | शुक्रवार, सकाळी ८:४४

कार्डाचे पाय खोडरबराने पुसून मगच बसवा.

चौथी मात्रा | शुक्रवार, सकाळी ८:५०

इथे मात्र उचापतींचं ऐका. इतकी वर्षं कागदात होतं ते.

शेवंती | रविवार, सकाळी १०:३०

उशिरा लिहितेय, माफ करा. पाय खरंच काळे पडले होते, खोडरबराने चकाकले. इंटरप्ट ७ आला होता, तो ५ केला. शुक्रवारी रात्री साडेबाराला डायमंडसचं संगीत वाजलं आणि आई उठून बाहेर आली.

दादाने बॅगा दारातच ठेवल्या. खुर्ची ओढून माझ्या डावीकडे बसला, न विचारता उडीच्या बटणावर बोट ठेवलं. बिल दाखवलं तेव्हा बराच वेळ काही बोलला नाही.

उचापती, संगमेश्वरी, चौथी मात्रा, डोंगरवाट, सगळ्यांची मी ऋणी आहे. तो बुधवारी परत जातोय. आम्ही मेडिव्होच्या दुसऱ्या भागात अडकलोय, कोणाला आठवतं का तिथे शेवटी काय करायचं?