चिऱ्याच्या खाणीवर झाडं जगवायची आहेत, सल्ला हवा

जांबोटीमाळ: नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमचा २ एकर माळ आहे. बाबांनी तो चिरे काढायला दिला होता. आता खाण बंद. खाली जांभ्याचा उघडा तळ, कडेला माती-मुरमाचे ढीग. दोन पावसाळे काजू-आंबा लावला. १५० रोपांतली १७ राहिलीत. जेसीबीवाला म्हणतोय, ढीग पसरून वरून रोलर फिरवतो, सपाट झालं की लावा. करू का? बाबांना तिथं पुन्हा सावली बघायचीय.

मलप्रभाकाठ: ऑस्ट्रेलियन बाभूळ लावा की. कुठंही येते.

नंदगडचे काका: रोलर अजिबात नको! मी चंद्रपूरकडं उघड्या कोळसा खाणीवर २२ वर्षं होतो, शेवटी डंपवरच्या, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगांवरच्या लागवडीवर. डंपर जाऊन जाऊन माती अशी बसायची की कुदळ उसळून यायची. तिथं रोप मरायचं ते खत कमी पडून नव्हे, मुळाला वाटच नसायची. पावसाळ्यात मुळाशी पाणी तुंबायचं आणि मार्चनंतर तीच माती विटेसारखी.

अमेरिकेत अ‍ॅपलाचियाच्या डोंगरात कोळसा काढलेल्या जमिनीवर हेच झालं. १९७७ च्या कायद्यानं खाणवाल्यांना जमीन सावरून देणं भाग पडलं. दरड कोसळू नये, माती वाहू नये म्हणून त्यांनी ती दाबून घेतली आणि वर दाट गवत पेरलं. लांबून हिरवं दिसायचं, पण जंगल परतलं नाही. मग तिथल्या वनशास्त्रज्ञांनी पद्धत बदलली: वरची किमान ४ फूट माती मोकळी ठेवायची, यंत्र कमीत कमी फिरवायचं, गवत विरळ आणि बुटकं.

तुम्ही ढीग शेजारी शेजारी ओतून घ्या, वरून एकदाच हलकं सरकवा. उंचसखल राहिलं तर राहू दे, पाणी मुरतं, पाला साठतो. तळ एप्रिल-मेमध्ये फोडून घ्या. ओली जमीन नुसती चिरत जाते, फुटत नाही. आणि खाण खोलगट असेल तर आधी पाण्याला चर काढा, नाहीतर आषाढात तळं होईल.

मलप्रभाकाठ दादा म्हणतात ती बाभूळ धरते, खरं आहे. पण तिचा पाला लवकर कुजत नाही, खाली दुसरं काही उठत नाही. आपल्याला नुसती झाडं नकोत, माती हवी. आधी करंज आणि गिरिपुष्प, दोन्ही जमिनीला नत्र देतात. त्यांच्यामध्ये जांभूळ, कुंभा, ऐन, हिरडा, शिवण. काजूची घाई नको. जांभ्याची माती स्फुरद धरून ठेवते, मुळांना सोडत नाही, म्हणून खड्ड्यात शेणखत हवंच. जुन्या झाडाखालची ओंजळभर मातीही घाला, त्यातली बुरशी मुळांना कामाला येते.

लोंढ्याची ताई: मोठी रोपं आणू नका. हातभर रोप, सरळ मूळ, मृगाचा पाऊस नीट लागला की लावायचं. पिशवीत मूळ गुंडाळलेलं असेल तर नर्सरीत परत द्या. गुरांसाठी कुंपण आधी करा, मागून नव्हे. कर्नाटक वन खात्याची कृषी अरण्य प्रोत्साह योजनाही विचारा. त्यात जगलेल्या रोपांवर तीन वर्षं पैसे मिळतात.

जांबोटीमाळ: काका, ताई, मनापासून आभार. जेसीबीवाल्याला थांबवलंय. पण ढिगात नुसता लाल मुरूम दिसतोय, ४ फूट माती आणू कुठून?

नंदगडचे काका: मुरूम खाली चालेल, तो भुसभुशीत असला की झालं. वरच्या वीतभरासाठी चांगली माती हवी. खाण उघडताना वरची माती पहिल्यांदा निघते, म्हणजे ती कुठंतरी ढिगाच्या तळाशी असणार. बाबांना विचारा, पहिल्या ट्रॉल्या कुठं ओतल्या?

जांबोटीमाळ: विचारलं. पूर्वेच्या बांधाला. तिथं घाणेरी माजलीय, म्हणून आम्ही कधी त्या बाजूला बघितलंच नाही.

नंदगडचे काका: मग तीच माती. घाणेरी मुळासकट उपटा, माती बाजूला राखा आणि सगळ्यात शेवटी वर पसरा. त्यावर टायर जाऊ देऊ नका.