मदत हवी आहे: मनीला आंघोळ घालू का?

लालबागला चाळीत राहते. आमची मनी दीड वर्षाची, साधी गावठी, आखूड केसांची. एरवी स्वतःला चाटूनच लख्ख असते, म्हणून कधी पाणी लावलं नाही. आज मात्र स्कूटरखाली शिरून ऑइलने माखून आली, आणि तेच चाटतेय! परळच्या जनावरांच्या हॉस्पिटलात नेतेच आहे. सासूबाई म्हणतात, डेटॉलने धू. नकोच, त्यातलं क्लोरोझायलेनॉल मांजरांच्या यकृताला झेपत नाही. माणसांचा शाम्पूही नको.

प्रश्न पुढचा आहे. एरवी आंघोळ घालावी का, किती महिन्यांनी? पावसाळ्यात अंग वाळवता कसं? ड्रायर लावला की ही थेट पोटमाळ्यावर. आणि नखांपासून स्वतःला वाचवता कसं, तेही सांगा.