रेंजफाइंडरमध्ये रोल घालणारे सगळे मिरवण्यासाठीच घालतात काय?

कृष्णधवल
काल पिक्सेलपंत यांनी लिहिले की, रेंजफाइंडरवर (म्हणजे लेन्समधून नव्हे, तर वेगळ्या खिडकीतून पाहायच्या कॅमेऱ्यावर) काढलेला फिल्मचा फोटो अखेर स्कॅन करून मोबाइलवरच दाखवायचा असेल, तर हा सारा खटाटोप म्हणजे फोटोभोवती निगेटिव्हच्या कडेची काळी किनार मिरवण्याची हौस आहे. एरवी मी अशा विधानांकडे दुर्लक्ष करतो. परंतु त्यावर जाणत्या मंडळींनीही माना डोलावल्या, म्हणून सविस्तर लिहिणे भाग आहे.

एसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यात, आपण लेन्समधून पाहतो, आणि ज्या क्षणासाठी थांबलो त्याच क्षणी आरसा वर जाऊन दृश्य झाकले जाते. रेंजफाइंडरमध्ये आरसाच नसल्यामुळे शटर उघडे असतानाही समोरचा माणूस दिसत राहतो, आणि चौकटीच्या रेषांबाहेरचेही थोडे दिसत असल्याने डावीकडून कोण येत आहे हे आधीच कळते. १९५४च्या लायका एम३ या रेंजफाइंडरची पाहण्याची खिडकी (व्ह्यूफाइंडर) दृश्य ०.९१ पट, म्हणजे जवळजवळ डोळ्याला दिसते तेवढेच दाखवते, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून फोटो काढता येतो. तुळशीबागेत मी ३५ मिमीची लेन्स एफ/८वर (म्हणजे छिद्र बरेच लहान करून) आणि अंतर तीन मीटरवर ठेवून फिरतो. साधारण दोन ते सात मीटरपर्यंतचे सगळे पुरेसे रेखीव येते आणि फोकस करत बसावे लागत नाही. फोटो पुढे कुठे दाखवला जातो यावरून तो कसा पाहिला गेला हे ठरत नाही.

पिक्सेलपंत
एम३च्या खिडकीत ३५ मिमीच्या लेन्ससाठी चौकटच नसते, ती पुढे एम२मध्ये आली. पण ते असो. आपण सांगितलेले सगळे गुण २००६ साली आलेल्या डिजिटल लायका एम८लाही लागू पडतात. म्हणजे एवढे लिहूनही आपण फिल्मच्या बाजूने एकही मुद्दा मांडलेला नाही. आरसा नसल्याचा एक गुण मात्र आपण विसरलात: लेन्सचे झाकण लागलेले असतानाही दृश्य अगदी स्वच्छ दिसते.

माझा आक्षेप स्कॅनला आहे. रंगीत निगेटिव्हच्या पट्टीलाच नारिंगी छटा असते. ती काढून रंग उलटे करताना प्रत्येक स्कॅनर आणि त्यामागे बसलेला माणूस आपापला निर्णय घेतो. एकच निगेटिव्ह दोन लॅबमध्ये द्या, एकीकडून गुलाबी आभाळ येईल आणि दुसरीकडून हिरवट. लोक ज्याला ‘कोडॅकचे रंग’ म्हणून वाखाणतात, ते बहुतेक वेळा लॅबमधल्या मुलाच्या त्या दिवशीच्या मर्जीचे रंग असतात.

हायपो
लॅबमधल्या मुलाची मर्जी हे काही नवे पाप नाही. लायकावर फोटो काढणारे फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९४८ साली गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो काढले, पण स्वतः प्रिंट करण्यात त्यांना रस नव्हता. पॅरिसमध्ये प्येर गासमान यांच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षे दुसरीच माणसे त्यांच्या निगेटिव्हचे प्रिंट काढत. मग तेही मिरवणारेच म्हणायचे काय?

मात्र कृष्णधवल यांची बाजू घेण्याचाही माझा विचार नाही. तुम्ही दोघेही स्कॅनवर भांडत आहात आणि निगेटिव्ह कुठे आहे हे कोणी विचारत नाही. आईच्या शेवटच्या वारीचे रोल मी एका लॅबमध्ये धुवायला दिले. त्यांनी स्कॅनची लिंक पाठवली. मी महिन्याभराने निगेटिव्ह आणायला गेलो, तेव्हा ‘हल्ली कोणी नेत नाही, म्हणून टाकून दिल्या’ असे शांतपणे सांगण्यात आले. स्कॅन १८०० बाय १२०० पिक्सेलचे. नीट छापायचे तर सहा बाय चार इंचांच्या पुढे जाता येत नाही. आईचा चेहरा एका फोटोत चौकटीच्या कडेला आहे. तो मोठा करावा तर नुसते ठोकळे दिसतात. निगेटिव्ह असती तर घरच्या एन्लार्जरवर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर उतरवण्याच्या यंत्रावर) मी तो पानभर काढला असता. पण तुमच्या पिढीला लिंक मिळाली की फोटो मिळाला असे वाटते.

पिक्सेलपंत
आपल्या आईच्या फोटोंबद्दल मनापासून वाईट वाटले. परंतु निगेटिव्ह न आणण्याचा दोष माझ्या पिढीवर कसा येतो, हे मला समजलेले नाही. महिनाभर गेला नाहीत आपण.

हायपो
दुसऱ्याची वस्तू न विचारता टाकून देणाऱ्याची वकिली करताना माणसाने थोडा तरी संकोच बाळगावा.

वसईकर
दोघांनीही जरा सबुरीने घ्यावे. निगेटिव्हचे राहू द्या, आमच्याकडच्या पावसाळ्यात लेन्सच वाचत नाही. सिलिका जेलच्या पुड्या आणि घट्ट झाकणाचा डबा असूनही माझ्या यशिका इलेक्ट्रो ३५ या साध्या रेंजफाइंडरच्या लेन्सला बुरशीचे जाळे लागले. तिला लागणारी ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी तर कधीच बंद झाली. अडॅप्टर घालून सहा व्होल्टवर भागवतो. तेव्हा लायकावाल्यांनी ही चर्चा आपल्यापुरती ठेवू नये.

नव्याने रोल घालणाऱ्यांसाठी एक सांगतो. पाठ बंद करून रोल पुढे ओढताना डावीकडची रोल परत गुंडाळण्याची चकती फिरते का, तेवढे पाहावे. ती फिरत नसेल तर फिल्मचे टोक पकडलेच गेलेले नाही. आमच्या भाच्याने अख्खे बारसे असे टिपले. आकडा छत्तीसच्या पुढे गेला तरी रोल संपेना, तेव्हा त्याला शंका आली. डिजिटल कॅमेऱ्यात हा प्रसंग आलाच नसता, हे पिक्सेलपंतांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

कृष्णधवल
बुरशी, बॅटरी आणि बारसे या सगळ्यांचा मूळ मुद्द्याशी काय संबंध आहे, हे वसईकरांनीच सांगावे. एम८बद्दल पिक्सेलपंतांना एवढेच विचारतो: फोटो काढल्याबरोबर मागचा पडदा पाहण्याचा मोह आपण आवरता काय? मला तो आवरत नाही, आणि पडद्याकडे पाहत असताना पुढचा फोटो निघून जातो. रोलमध्ये पाहण्यासारखे काहीच नसते, म्हणून नजर समोर राहते. फिल्मच्या बाजूने माझा मुद्दा हा आहे. रंगांचा मी कुठेही उल्लेख केला नव्हता.

पिक्सेलपंत
मागचा पडदा बंद ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये असते. तरीही ज्यांना स्वतःला आवरण्यासाठी दर छत्तीस फोटोंमागे एक रोल विकत घ्यावा लागतो, त्यांच्यासाठी फिल्म उपयुक्त आहे, हे मी आनंदाने मान्य करतो. हायपो यांचेही एक मान्य: निगेटिव्ह रोल धुतल्या दिवशीच मागून घ्यावी. काळ्या किनारीबद्दलचे माझे मत मात्र तेच आहे, आणि कृष्णधवल यांनी गेल्या आठवड्यात येथे टाकलेल्या प्रत्येक फोटोला ती आहे.