निकालानंतरचा थरार

निकाल वाचला गेला की कोर्टकचेरीच्या कथेतला थरार संपतो, असं म्हणतात. मला नाही पटत बाप्पा. शाहबानो खटलाच बघा ना. इंदूरची साठीपलीकडची मुस्लिम बाई, तलाक देणारा नवरा स्वतः वकील. खालच्या कोर्टाने पोटगी दिली महिना 25 रुपये! हायकोर्टाने ती 179 रुपये 20 पैसे केली. 23 एप्रिल 1985 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी तिच्या बाजूने निकाल दिला. आणि खरी गोष्ट इथून सुरू होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात समाजाच्या दबावाखाली तिने जाहीर पत्रावर अंगठा उठवून तो निकाल नाकारला. जिंकलेली बाई जिंकलेलं सोडते, तेही आपल्याच माणसांत राहता यावं म्हणून! तलाक झालेल्या मुस्लिम बायकांच्या हक्कांचा 1986 चा कायदा, 2001 मध्ये कोर्टाने लावलेला त्याचा अर्थ, हे सगळं नंतरचं.

लेखक मात्र उलटतपासणीत रमतात. आमच्या नागपुरात सिव्हिल लाइन्सला हायकोर्टाबाहेरच्या टपरीवर तासभर बसावं त्यांनी. पक्षकार कलमांबद्दल कमीच बोलतात. गावात आता कोण बोलेल, कोण तोंड फिरवेल, लग्नाचं आवतन येईल का, याचीच धास्ती जास्त.