डाउनटाउनमधल्या दुकानाच्या दर्शनी भागासाठी निम्मं अनुदान: काम आधी सुरू केलं तर चालतं का?

कोपऱ्यावरचं_दुकान
अमेरिकेतल्या एका लहान शहरात डाउनटाउनला भाड्याचं दुकान आहे. इमारत विटांची, 1920 च्या आसपासची. शहराची फसाड ग्रँट (दर्शनी भागाच्या कामाचं अनुदान) पात्र खर्चाच्या 50 टक्के, कमाल 10,000 डॉलर मिळते. कोटेशन 24,000 चं आहे: काचा आणि दार 14,000, विटांची सफाई व पॉइंटिंग (विटांमधले सांधे पुन्हा भरणं) 6,000, पाटी 2,500, आतले दिवे 1,500. कंत्राटदार म्हणतो, सोमवारी काम सुरू करतो, कागद मागाहून द्या. चालेल का?

निम्मे_निम्मे
अजिबात नको. मंजुरीचं पत्र आणि सही झालेला करार हातात येईपर्यंत अॅडव्हान्ससुद्धा देऊ नका. बहुतेक शहरं आधी झालेल्या कामाचे पैसे देत नाहीत. त्यात पैसा केंद्र सरकारच्या सीडीबीजीचा (शहरांना मिळणाऱ्या विकास अनुदानाचा) असेल तर पर्यावरण आढावा पूर्ण होण्याआधी काम सुरू करायलाच मनाई असते. नुसतं दर्शनी भागाचं काम असलं तरी हा आढावा लागतो, आणि तिथे अधिकाऱ्याची इच्छा असली तरी त्याला काही करता येत नाही.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: पैसा सीडीबीजीचा, टीआयएफचा (त्या भागातल्या वाढीव मालमत्ता करातून उभ्या केलेल्या निधीचा) की शहराच्या स्वतःच्या निधीतला? सीडीबीजी असेल तर 2,000 डॉलरच्या वरच्या बांधकाम करारांना डेव्हिस-बेकन या केंद्रीय कायद्याची मजुरी लागू होते. ठरलेल्या दराने मजुरी द्यायची आणि दर आठवड्याचा प्रमाणित पगारपट सादर करायचा. नेहमीच्या दराने दिलेलं तुमचं कोटेशन मग उपयोगाचं राहत नाही, अटी सांगून नवं मागवा. कामाचे तुकडे करून प्रत्येक करार 2,000 च्या खाली ठेवायची शक्कल काही कंत्राटदार सुचवतात. तिच्या वाटेला जाऊ नका.

आता हिशेब. आतले दिवे बहुधा बाद. सीडीबीजीत तर खासगी मालकाच्या व्यापारी इमारतीला बाहेरची बाजू, अॅस्बेस्टॉस व शिशाच्या रंगाचा बंदोबस्त आणि कोडचे (बांधकाम नियमांचे) दोष दूर करणं एवढ्यालाच पैसा मिळतो. राहिले 22,500. त्याचे निम्मे 11,250, पण मर्यादा 10,000. म्हणजे तुमच्या खिशातून 14,000. शिवाय पैसे सहसा काम झाल्यावर परत मिळतात, त्यामुळे सुरुवातीला पूर्ण 24,000 ची सोय हवी. लोक इथेच अडकतात.

चुन्याची_निवळी
विटांच्या 6,000 मध्ये नक्की काय आहे ते लेखी घ्या. "सफाई" म्हणजे सँडब्लास्टिंग असेल तर इमारत ऐतिहासिक पट्ट्यात असल्यास अर्ज तिथेच पडेल, आणि पडायलाच हवा. विटेचा भाजलेला कडक थर एकदा उडाला की आतला मऊ भाग पाणी पितो. कमी दाबाचं पाणी, सौम्य डिटर्जंट आणि नैसर्गिक केसांचा ब्रश पुरतो.

पॉइंटिंगला कडक पोर्टलँड सिमेंटचं मॉर्टर (सांध्यात भरायचा मसाला) नको. जुनी वीट मऊ असते. ऋतू बदलतात तशी ती फुगते-आकसते, आणि मॉर्टर तिच्याहून कडक असलं की सांधा शाबूत राहून विटेच्या कडा फुटतात. चुन्याचं प्रमाण जास्त असलेलं मॉर्टर मागा. जुना सांधा त्याच्या रुंदीच्या दोन ते अडीचपट खोल कोरायला हवा. वरवर लिंपलेलं काही हिवाळ्यांत गळून पडतं. उभ्या सांध्यांत ग्राइंडर घालू देऊ नका, वरच्या-खालच्या विटा कापल्या जातात.

आणखी एक: पाटीमागे पत्र्याचं आवरण असेल तर त्याखाली जुनी ट्रान्सम काच (दार-खिडकीच्या वरची आडवी काच) असू शकते. अर्जाआधी परवानगीने एखादा पत्रा सैल करून बघा. नंतर सापडली तर आराखडा बदलतो आणि मंजुरी पुन्हा घ्यावी लागते.

कोपऱ्यावरचं_दुकान
सोमवारचं काम थांबवलं. सध्याचं दार दोन झडपांचं आहे, प्रत्येक झडप 30 इंच. तसंच नवं बसवायचा विचार होता.

निम्मे_निम्मे
तसं चालणार नाही. एडीए या अपंगांच्या हक्कांच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे निदान एका झडपेतून, दार 90 अंशांत उघडल्यावर, 32 इंच मोकळी वाट मिळायला हवी. व्यवहारात 36 इंचांची एक झडप आणि बाजूला स्थिर काच हा सोपा मार्ग. नवा उंबरठा अर्ध्या इंचापेक्षा उंच नको. दार ओढायच्या बाजूला, समोरून येणाऱ्यासाठी, कुलपाकडे 18 इंच मोकळी भिंत लागते. दार आत घेतलेलं असेल तर हे माप हमखास चुकतं. ड्रॉइंगवर मापं लिहूनच द्या. दाराशेजारची काच सेफ्टी ग्लासच हवी.

भाड्याची जागा आहे, तेव्हा मालकाची लेखी संमती अर्जासोबत लागेलच. काही शहरं मालकाकडूनही काही वर्षं दर्शनी भाग न बदलण्याची हमी घेतात. लीजची मुदत त्याआधी संपत नाही ना, बघा.

वहीखाते
पैसे रोखीने देऊ नका. परतावा मागताना बिल, वटलेल्या चेकची प्रत आणि कंत्राटदाराचं लीन वेव्हर (पैसे मिळाले, इमारतीवर दावा नाही असं लेखी पत्र) मागतात. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो एकाच जागेवरून काढा. अनुदान धंद्याचं उत्पन्न धरलं जातं, त्यामुळे 10,000 तले सगळे हातात राहतील असं धरू नका. दाराचा खर्च मात्र सीपीएला (तुमच्या हिशेबनिसाला) वेगळा दाखवा: गेल्या वर्षीची उलाढाल 10 लाख डॉलरपर्यंत किंवा पूर्णवेळ नोकर 30 पर्यंत असतील तर जुन्या इमारतीतला अडथळा काढण्याच्या खर्चावर फॉर्म 8826 ने करसवलत मागता येते, 250 ते 10,250 डॉलरमधल्या खर्चाच्या निम्मी.