‘आरोग्यातील विषमता’ की ‘असमानता’?

प्रश्न : एका अहवालाचे मराठी भाषांतर तपासताना ‘आरोग्यातील असमानता’, ‘आरोग्यातील विषमता’ आणि ‘आरोग्यातील तफावत’ हे तिन्ही प्रयोग एकाच अर्थाने केलेले आढळले. ते समानार्थी मानावेत काय? ‘सार्वजनिक आरोग्य’ आणि ‘सामुदायिक आरोग्य’ यांतही भेद करावा काय?

उत्तर : माझ्या मते ते समानार्थी नाहीत. ‘तफावत’ हा हिशेबातला शब्द आहे. तो दोन आकड्यांमधले अंतर दाखवतो आणि तेथेच थांबतो. ‘असमानता’ फक्त सारखेपणा नसल्याचे सांगते. तरुणांपेक्षा वृद्धांना मोतीबिंदू अधिक होतो, ही असमानता आहे, परंतु तिच्याबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही. मेळघाटातल्या डोंगरपाड्यावर जन्मलेल्या बाळाला पुण्यातल्या सुस्थित घरातील बाळापेक्षा अधिक धोका असतो, तेव्हा मात्र ‘विषमता’च म्हटले पाहिजे, कारण कुपोषण, रस्त्याचा अभाव आणि दवाखान्याचे अंतर ही कारणे निसर्गाने लादलेली नाहीत. जात आणि संपत्ती यांविषयी बोलताना आपण हाच शब्द वापरत आलो असल्यामुळे अन्यायाची जाणीव त्यात आधीपासूनच आहे.

येथे सुश्रुताची आठवण होते. त्याने केलेली ‘स्वस्थ’ माणसाची व्याख्या ‘सम’ या शब्दानेच सुरू होते: दोष (वात, पित्त, कफ) सम, अग्नी (पचनशक्ती) सम, धातूही (रक्त, मांस इत्यादी देहघटक) सम. ही व्याख्या एका देहापुरती आहे हे खरे. तरीही ‘सम’ आणि ‘विषम’ ही जोडी आपल्या वैद्यकाला परकी नाही, एवढे तिच्यावरून दिसते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ नाही. ‘सार्वजनिक आरोग्य’ हे शासकीय विभागाच्या नावात रुळले आहे. लसीकरण, पाणीशुद्धी, साथनियंत्रण यांसाठी तेच ठेवावे. ‘सामुदायिक’ म्हणजे समुदायाने मिळून केलेले, जसे सामुदायिक विवाह किंवा सामुदायिक प्रार्थना. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेड येथे सुरू केलेल्या कामाला हा शब्द शोभतो. तेथे गावातल्याच स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. त्यांपैकी अनेक जणी दलित समाजातील होत्या आणि अनेकींना अक्षरओळखही नव्हती. दुष्काळात कूपनलिका दलित वस्तीत घेतल्या गेल्या, त्यामुळे इतरांनाही पाण्यासाठी तेथे यावे लागले. एका कूपनलिकेने अतिसाराचा धोका आणि अस्पृश्यता या दोहोंवर घाव घालावा, हे मला फार मोलाचे वाटते, आणि अशा कामाचे वर्णन ‘तफावत कमी केली’ एवढ्यावर भागत नाही.

आपल्या अहवालात वयानुसार तुलना असेल तेथे ‘असमानता’ राहू द्यावी. उत्पन्न, जात किंवा वस्ती यांनुसार आकडे दिले असतील तेथे ‘विषमता’ करावे आणि ‘तफावत’ केवळ तक्त्यांच्या मथळ्यांपुरती ठेवावी.